तांबेरा सरकारचा, काळी ज्वारी शेतकऱ्याची

गव्हावर तांबेरा आला की ती देशाची अडचण होते. ज्वारी काळी पडली की ज्याच्या वावरात पडली त्याची. दोन्ही बुरशीचेच रोग, दोन्ही हवामानाच्या जोरावर येतात आणि दोन्हींपुढे एकट्या शेतकऱ्याचं काही चालत नाही. तरी एकासाठी आपण सिमल्यापासून निलगिरीपर्यंत संशोधन केंद्रं उभी केली आणि दुसऱ्यासाठी शेतकऱ्याच्या पाठीवर पंप अडकवून त्याला मोकळं सोडलं. विदर्भातून खरिपाची ज्वारी का उठली, याची कारणं लोक मजुरीत शोधतात, रानडुकरांत शोधतात, सोयाबीनच्या भावात शोधतात. तीही आहेतच. पण हा दुजाभाव त्यांच्याइतकाच मोठा आहे, आणि त्याच वाटेनं आता पूर्व विदर्भाचा धान चालला आहे, असं मला वाटतं.

आधी गव्हाचं पाहू, कारण तिथे आपण बरंच बरोबर केलं.

१९४६-४७ च्या रब्बीत खोडावरच्या तांबेऱ्यानं मध्य भारतातला गहू झोपवला. आपल्याकडे याला गेरवाही म्हणतात. तेव्हा नागपूर मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होतं. त्या साथीत सुमारे २० लाख टन गहू गेला, असं सांगितलं जातं. स्वातंत्र्य उंबरठ्यावर, फाळणी डोक्यावर, धान्य रेशनवर आणि त्यात हे. मात्र रोगाचं मूळ तोवर सापडलेलं होतं. आग्र्याच्या कॉलेजातले प्राध्यापक करमचंद मेहता यांनी वर्षानुवर्षं खपून दाखवून दिलं होतं की मैदानातल्या उन्हाळ्यात हा तांबेरा जगूच शकत नाही. (नागपूरच्या मे महिन्यात माणूस जगतो तेच पुष्कळ.) खोडावरचा तांबेरा उन्हाळा काढतो तो दक्षिणेत, निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत, आणि तिथून दरवर्षी नव्यानं वर येतो. पुढे १९७० च्या दशकात एस. नागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रवासाची नोव्हेंबरातल्या चक्रीवादळांशी सांगड घातली. बंगालच्या उपसागरातली वादळं डोंगरातले बीजाणू उचलतात आणि मध्य भारतावर पावसाबरोबर खाली सोडतात.

म्हणजे कळमेश्वरच्या गव्हावर दिसणारा विटकरी फोड तमिळनाडूतून निघालेला असतो. आता त्याला धुऱ्यावर उभं राहून कोण अडवणार? हे एकदा कळल्यावर सरकारनं शेतकऱ्याला उपदेश केला नाही, काम अंगावर घेतलं. सिमल्याला फ्लॉवरडेलचं केंद्र १९३० पासून होतं. निलगिरीत वेलिंग्टनला, आपल्याकडे महाबळेश्वरला गेरव्याची केंद्रं चालली. गव्हाचा नवा वाण बाजारात येण्याआधी त्याला मुद्दाम तांबेऱ्याच्या तोंडी द्यायचं आणि तगला तरच पुढे पाठवायचं, ही शिस्त बसली. सगळं आलबेल झालं असं नव्हे. कल्याण सोनासारखा लाडका वाण सत्तरीच्या दशकात पानावरच्या तांबेऱ्यापुढे ढासळला, आणि पोळी चांगली होते म्हणून आपण ज्याला सोडायला तयार नाही तो लोकवनही तांबेऱ्यापुढे कच्चाच. पण १९४६-४७ च्या तोडीची साथ मध्य भारतात पुन्हा आली नाही. शेतकऱ्याला त्यासाठी काय करावं लागलं? बियाण्याची पिशवी बदलली, बस.

गव्हाच्या बाबतीत ही जाग अजून आहे. २०१६ मध्ये बांगलादेशात गव्हाचा करपा पहिल्यांदा आला. मूळचा हा रोग ब्राझीलचा, १९८५ चा. तो आला म्हटल्यावर पश्चिम बंगालमध्ये सीमेपासून पाच किलोमीटरच्या पट्ट्यात गहू पेरायला बंदी आली, नदिया आणि मुर्शिदाबाद जिल्ह्यांत गव्हाला सक्तीची सुट्टी दिली गेली. त्यात तिथल्या शेतकऱ्यांचे हाल झाले असतील, ते वेगळं. रोग वाऱ्यावर येतो तेव्हा बंदोबस्तही वाऱ्याच्या मापाचा लागतो, एवढं त्यामागे गृहीत होतं.

ज्वारीकडे वळलं की हे गृहीतच दिसेनासं होतं.

आमच्याकडच्या जुन्या ज्वाऱ्या उंच आणि उशिराच्या. पेरणी आठवडा इकडे होवो की तिकडे, दिवस लहान होऊ लागल्याशिवाय त्या निसवायच्या नाहीत, म्हणजे कणीस बाहेर काढायच्या नाहीत. दाणा भरायचा तो पाऊस सरल्यावर, कोरड्या हवेत. उत्पन्न बेताचं, पण सोंगणीला दाणा पांढरा आणि टणक. नरखेड-काटोलपासून यवतमाळपर्यंत कापूस-ज्वारीचा पट्टा याच हिशेबावर उभा होता. १९६४ साली देशातला पहिला संकरित वाण आला, सीएसएच-१. बुटका, शंभरेक दिवसांत हातात येणारा आणि पायलीच्या जागी पोतं देणारा. ते दिवस आयात गव्हाचे होते. पुढे १९७२ च्या दुष्काळात तर रेशनवर मिलो, म्हणजे अमेरिकेची लाल ज्वारी, आली. संकरित ज्वारीनं त्या काळात कित्येक घरांत चूल पेटती ठेवली, आणि जे आज तिला नावं ठेवतात त्यांच्या घरातही ठेवली असेल. पण लवकर पिकणारी ज्वारी म्हणजे पावसात पिकणारी ज्वारी. निसर्गानं जो दाणा ऑक्टोबरच्या उन्हासाठी राखून ठेवला होता, तो आपण सप्टेंबरच्या झडीत आणून उभा केला.

सप्टेंबरअखेर असं कणीस हातात घेऊन पाहावं. लांबून काही कळत नाही. जवळ घेतलं की दाण्याच्या बुडाशी, तुसाच्या कडेला करडी छटा दिसते. आणखी दोन पाऊस झाले की काही दाण्यांवर फिकट गुलाबी कापूस धरतो, काहींवर काळी मखमल. गुलाबी असते ती बहुधा फ्युजेरियम बुरशी, काळी ती कर्व्ह्युलारिया. चांगला दाणा अंगठ्यानं दाबून फुटत नाही, याचं तिथेच पीठ होतं आणि बोटांना कुबट वास राहतो. बुरशी डोळ्यांना दिसते तेव्हा, पण शिरलेली असते फुलोऱ्यातच. म्हणजे शेतकरी पाहतो तोवर गाडी निघून गेलेली असते.

संशोधकांना हे ठाऊक नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत, हैदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत, अकोल्याच्या कृषी विद्यापीठात यावर काम झालं आणि आजही होतं. अडचण खरोखरच अवघड आहे. बुरशीला दाद न देणाऱ्या ज्वाऱ्या सापडल्या, पण त्यांतल्या बऱ्याच लाल-तपकिरी दाण्याच्या आणि तुरट. दाण्यातलं टॅनिन बुरशीला सोसत नाही आणि लाल भाकर आपल्याला सोसत नाही. पांढरा रंग, टणकपणा, चव आणि बुरशीशी झुंज हे सगळं एका कणसात आणायचं तर पैसा आणि वेळ लागतो. गव्हाच्या तांबेऱ्यासाठी तो आपण काढला. ज्वारी गरिबाची म्हणून की काय, तिच्यासाठी निकड कधी वाटली नाही.

नुकसान खरं कळतं ते बाजारात. अडत्या पोत्यात हात घालतो, मूठभर दाणे तळहातावर पसरतो, फुंकर मारतो आणि मान हलवतो.

"भाऊ, दाना भरला हाय चांगला, जरा काळा पडला एवढंच."

"काळा पडला म्हनूनच त सांगून राह्यलो. पोल्ट्रीवाल्याले लागते, त्याचा भाव सांगू का?"

संकरित ज्वारीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये आहे. तो कागद या मुठीपुढे हतबल असतो. सरकारी खरेदी केंद्रावर जावं तर तिथे ओलावा १४ टक्क्यांच्या आत हवा, खराब दाण्याची मर्यादा ठरलेली, त्यामुळे माल परत. कधी पाऊस फारच झाला की आरडाओरडा होतो, निकष सैल करायची मागणी येते, मोर्चा निघतो. निकष सैल झाले की शेतकऱ्याचं भागतं आणि तीच ज्वारी कुठल्या तरी गोदामातून कुणाच्या तरी ताटाकडे निघते. इथे मात्र मी शेतकऱ्याच्या बाजूनं असूनही थांबतो.

कारण बुरशी नुसता भाव खात नाही, विषही ठेवून जाते. १९७४ च्या सुमारास राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. अॅस्परजिलस बुरशीचं अफ्लाटॉक्सिन यकृतावर गेलं होतं. मेले ते बहुतेक आदिवासी, ज्यांच्या घरात दुसरं धान्य नव्हतं. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरच्या सत्तावीस गावांत कापणीच्या पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटात कळा आणि जुलाब सुरू झाले. त्यामागे फ्युजेरियमचं फ्युमोनिसिन निघालं. ही विषं भाकर भाजून जात नाहीत, आंबील शिजवून जात नाहीत. जनावराला घातलं तर अफ्लाटॉक्सिनचा अंश दुधात उतरतो. ज्वारीत हे विष मक्यापेक्षा कमी आढळतं आणि प्रत्येक काळा दाणा विषारी नसतो, हेही तितकंच खरं. काळी मखमल दिसायला भयंकर, पण विषाच्या बाबतीत फिकी गुलाबी फ्युजेरियम जास्त नाठाळ. म्हणजे अडत्याची मूठ दोन्हीकडून चुकते. खाण्याजोगा माल काळा म्हणून पाडते आणि घातक माल उजळ दिसला म्हणून पास करते.

आपल्या अन्नसुरक्षा नियमांत धान्यातल्या अफ्लाटॉक्सिनची मर्यादा आहे, किलोला १५ मायक्रोग्रॅम. नियम कागदावर चोख आहे. तो डोळ्यांनी मोजता येत नाही, आणि ज्या जागी धान्य हात बदलतं तिथे डोळ्यांशिवाय दुसरं साधन सहसा नसतं. निर्यातीच्या मालाची तपासणी होते, कारण बंदरावरचा परदेशी गिऱ्हाईक ती मागतो. कुही-भिवापूरच्या रेशन कार्डवाल्याच्या वतीनं ती कुणी मागत नाही.

धानाकडे थोडक्यात जातो, कारण चित्र तेच आहे. रामटेक, मौदा, पुढे भंडारा-गोंदिया या पट्ट्यात करपा जुनाच. आता बांधीबांधीत आभासमय काजळी बोलली जाते. लोंबीतल्या एखाद्या दाण्याच्या जागी नारिंगी गोळा फुगतो, मग हिरवट काळा होतो आणि हात लावला की भुकटी उडते. पूर्व भारतात याला लक्ष्मी रोग म्हणायचे, कारण पीक जोमदार त्या वर्षी तो दिसायचा. लक्ष्मी आता फार वेळा येऊ लागली आहे. भारी खत घेणारे वाण, भरपूर युरिया आणि निसवताना ढगाळ, दमट हवा असं जमून आलं की तिला आवतण लागत नाही. यावर फवारणी आहे, पण ती धान पोटरीत, म्हणजे लोंबी अजून पानाच्या आवरणात असताना. गोळे दिसल्यावर कृषी केंद्रातून आणलेली बाटली म्हणजे फक्त समाधान. तरी हंगामात जाऊन पाहा, बाटली विकली जाते ती गोळे दिसल्यावरच. पोटरीच्या आठवड्यात हवा रोगाची आहे हे शेतकऱ्याला आधी कोण सांगणार?

इथे हमखास एक आक्षेप येतो, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. शेतकऱ्यानं आपलं पीक आपण जपायला नको का? जपायला हवं, आणि जिथे त्याच्या हातात आहे तिथे त्यानं जपलंही आहे. ज्वारीची काणी आठवा, ज्यात दाण्याच्या जागी काळ्या भुकटीची पिशवी भरते. ती बियाण्यावरून येते. पेरणीआधी किलोला चार ग्रॅम ३०० मेशचं गंधक चोळलं की काम झालं. ही गोष्ट गावोगाव पोचली आणि काणी पार मागे हटली. जो रोग बियाण्यावर बसून येतो तो घरच्या ओट्यावर अडवता येतो. जो ढगांतून येतो त्याला ओटा पुरत नाही. आपली कृषी यंत्रणा हा भेद करत नाही. दोन्हींसाठी तिच्याकडे एकच उत्तर असतं: अमुक बुरशीनाशक, इतके मिली, दहा लिटर पाण्यात.

भर पावसात डोक्याइतक्या ज्वारीत शिरून फुलोऱ्यावर फवारायचं म्हणजे काय, हे शिफारस लिहिणाऱ्यानं एकदा करून पाहावं. निम्मं औषध तोंडावर येतं, उरलेलं दुपारच्या सरीत धुऊन जातं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर मेले. ती कीटकनाशकं होती, बुरशीनाशकं नव्हती, मान्य. पण पंप तोच, माणूस तोच, आणि उंच पिकात अंगावर येणारा फवाराही तोच.

मग करायचं काय? वाणाचं काम लांबचं आहे, ते चालू राहावं, पण जागा बदलून. नागपुरात कापसाची राष्ट्रीय संस्था आहे, संत्र्याची आहे, मातीची आहे. महाराजबागेजवळचं कृषी महाविद्यालय तर १९०६ पासून आहे. खरिपाच्या ज्वारीला बुरशीच्या तोंडी देऊन पारखायचं तर अकोल्यापेक्षा इथे पाऊस जास्त, म्हणजे परीक्षा जास्त कडक. महाबळेश्वरच्या धुक्यात गव्हाची पारख करतात ती याच तर्कानं. ज्वारीसाठी आणि काजळीपुरती धानासाठी अशी पारख नागपूर-सिंदेवाही पट्ट्यात पक्की बसवायला नवी इमारतही लागायची नाही, सिंदेवाहीला धानाचं संशोधन केंद्र आहेच.

जवळचं काम मात्र दाणा सुकवण्याचं आहे, आणि मला त्याचंच जास्त वाटतं. ज्वारीच्या दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका आला की दाणा भरलेला असतो. त्यानंतर तो उभ्या पिकात ठेवून वजन वाढत नाही, फक्त बुरशी वाढते. त्या दिवशी सोंगली तर बरंच नुकसान टळतं. पण तेव्हा दाण्यात तीस टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते काढायचं कुठे? खळी गेली, ऊन नाही, म्हणून लोक डांबरी रस्त्यावर ज्वारी पसरतात आणि ट्रकवाल्यांच्या शिव्या खातात. महसूल मंडळागणिक एक ड्रायर, भाड्यानं, ट्रॅक्टर भाड्यानं मिळतो तसा, हे काही आकाशातलं मागणं नाही. राज्यात महावेधची दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रं मंडळामंडळात उभी आहेतच. त्यांचा आकडा आपण मुख्यतः पीक विम्याच्या भांडणात ऐकतो. पाऊस, दमटपणा आणि तापमान याच तीन गोष्टींवर करपा आणि काजळीचा अंदाज बांधता येतो. २००९ मध्ये, सोयाबीनवरच्या अळीनं हाहाकार केल्यानंतर, राज्यानं क्रॉपसॅप ही पाहणीची योजना सुरू केली आणि शेतात जाऊन अळ्या मोजायची सवय यंत्रणेला लागली. अळी मोजता येते म्हणून मोजली जाते. बुरशी दिसते तेव्हा मोजून उपयोग नसतो, तिच्यासाठी हवाच मोजावी लागते.

आणि बाजारात मुठीच्या जागी चाचणी. अफ्लाटॉक्सिनच्या पट्ट्या असतात, काही मिनिटांत निकाल देतात. पोत्यापोत्याला नको, पावसात भिजलेल्या वर्षी खरेदीच्या प्रत्येक ढिगाला एक. विष नाही पण रंग गेलेला माल उघडपणे दुसऱ्या प्रतीचा म्हणून, ठरलेल्या भावानं घ्यावा. आज तो पोल्ट्रीत जातोच, फक्त भाव अडत्या ठरवतो. विष असेल तो माल मात्र माणसाच्या आणि जनावराच्या, दोघांच्याही ताटातून बाहेर, आणि त्याची भरपाई शेतकऱ्याला. निकष सैल करण्याच्या दरवर्षीच्या नाटकापेक्षा हे महाग पडेल का? पहिली एक-दोन वर्षं पडेल. तांबेऱ्याची केंद्रंही फुकट चालली नव्हती.

"आता खरिपाची ज्वारी उरलीच किती?" असा शेवटचा प्रश्न कुणी विचारेल, आणि तो सर्वांत अवघड आहे. फार उरलेली नाही. नागपुरात आज जी पांढरी भाकर आपण खातो तिची ज्वारी बहुतांशी सोलापूरकडची रब्बीची, मालदांडी, पाऊस सरल्यावर पिकलेली. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष साजरं झालं, त्यात इथल्या हॉटेलांत ज्वारीचे पिझ्झे निघाले, आणि त्या पिझ्झ्याची ज्वारीही बहुधा तिकडचीच असणार. जे पीक आपण पावसात उभं करून, पावसाचा दोष त्याच्या मालकाच्या माथी मारून घालवलं, ते कमी उरलं म्हणून त्याच्यावर खर्च नको म्हणायचं, हे मला पटत नाही. कपाशीला फेरपालट हवा, तुरीला सोबत हवी, जनावराला कडबा हवा, असं तेच कृषी विद्यापीठ सांगतं. मग ऑक्टोबरात खरेदी केंद्रं उघडण्याआधी निदान भिवापूर, काटोल आणि मौदा या तीन ठिकाणी ड्रायर आणि चाचणीच्या पट्ट्या ठेवून एक हंगाम काढून पाहावा. ड्रायरची निविदा काढायची असेल तर ती जूनच्या आत निघायला हवी, कारण नागपुरात सप्टेंबरला निघालेली निविदा दिवाळीनंतर उघडते आणि तोवर ज्वारी काळी होऊन विकलीही गेलेली असते.